मंजूर ससा

शिशुशाळेच्या मागच्या बागेत, उजव्या हाताच्या तिसऱ्या वाफ्यात, घेवड्याच्या वेलाची सात पानं कुणीतरी खाल्ली होती. सोमवारी सकाळी सव्वादहाला ही बाब उघडकीला आली. ती उघडकीला आणणारी व्यक्ती पाच वर्षांची होती आणि तिच्या एका बुटाचा बंद सुटलेला होता. वर्गात तिला सगळे ‘का’ म्हणत. हजेरीपटात तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण दिवसभर ती ज्या एका शब्दावर जगायची, तोच शेवटी तिला चिकटला होता.

“बाई, ही पानं कुणी खाल्ली?” का म्हणाली.

अकरा वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेनं अशा वेळी ‘किड्यानं’ एवढं म्हणून रांग पुढे हलवायची असते. बाईंनी वाकून पान पाहिलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “मला नाही माहीत. शोधू या का?”

आपल्या पायावर आपण धोंडा पाडून घेतो तेव्हा तो पडताना आवाज होत नाही, असं बाई पुढे म्हणायच्या. त्या दिवशी तर त्यांना फार मजा आली. मैदानाच्या त्या एका तासात एकतीस मुलं पोटावर झोपली. कुणाला विटेखाली जाणारी चंदेरी रेघ सापडली, कुणाला एक बटण सापडलं, एकाला काहीच सापडलं नाही, पण तो सर्वांत जास्त वेळ झोपून होता. तास संपता संपता का हिनं अनुमान काढलं की पानं खाणारा कडेकडेनं आत खातो, त्याला कसली घाई नाही आणि त्याला ऊन आवडत नाही. घंटा झाली. “उरलेलं पुढच्या तासाला,” बाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी शाळेतून शीळ घालत घरी गेल्या.

मुलांनी घरी सांगितलं. मंगळवारी सकाळी मोठ्या बाईंच्या कार्यालयात पालकांच्या एकतीस चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या चार कपड्यांना लागलेल्या मातीबद्दल होत्या. उरलेल्या सत्तावीस चिठ्ठ्यांत, शब्द वेगवेगळे असले तरी, एकच प्रश्न होता: आमच्या मुलाला किती पुरावे मिळाले आणि शेजारच्याला किती?

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. कार्यालयाच्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावलेला होता. त्यात मागच्या बागेच्या जागी पांढऱ्या पट्ट्या आखल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीत एक छोटी मोटार काढली होती. पालकांना मुलांना सोडायला आल्यावर गाडी लावायला जागा नव्हती, हा त्या शाळेचा तीन वर्षं जुना आणि एकमेव शैक्षणिक प्रश्न होता.

“पालक समितीचं म्हणणं आहे की बागेचा काही उपयोग होत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात ठराव यायचाय. तुमच्या या शोधाशोधीची आपण रीतसर मोहीम केली तर बागेचा उपयोग सिद्ध होतो. एक जरी तक्रार आली, तर मात्र वाहनतळ. मैदानाचा तास मग गच्चीवर घ्यायचा.”

“गच्चीला तर कुलूप असतं.”

“तेच तर.”

बाईंना तो तास जिवापाड प्रिय होता. आठवड्यातले उरलेले सगळे तास मुलं बाईंकडे बघायची. या एका तासात ती जगाकडे बघायची आणि बाईंना जरा श्वास मिळायचा. “करू या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात नऊ पानांचा अर्ज आला.

‘बाल-शोध मोहीम, पूर्वमंजुरी’ असं त्याचं नाव होतं. पहिली तीन पानं धोक्यांची होती. बाईंनी प्रामाणिकपणे भरलं: माती, मध्यम धोका. गवत, सौम्य धोका. आकाश, नियंत्रणाबाहेर. भिंगांसाठी वेगळं पान होतं. काचेचं भिंग फुटतं म्हणून नामंजूर झालं. प्लास्टिकचं भिंग उन्हात धरलं तर काहीतरी पेटेल म्हणून तेही नामंजूर झालं. शेवटी दांडीला नुसती गोल कडी लावलेली, मधे काहीच नसलेली एकतीस भिंगं मंजूर झाली. त्यांतून पाहिलं की वस्तू जेवढी आहे तेवढीच दिसायची, आणि ही गोष्ट समितीला सुरक्षित वाटली.

घोडं अडलं ते सातव्या पानावर. तिथे एक चौकट होती: ‘अपेक्षित उत्तर’. बाईंनी लिहिलं, ‘माहीत नाही.’ अर्ज त्याच दुपारी परत आला.

पालक समितीचे अध्यक्ष हे दातांचे डॉक्टर होते आणि का हिचे वडील होते. ते दवाखान्यातला पांढरा कोट घालूनच बैठकीला आले. “बाई, राग मानू नका,” ते म्हणाले. “पण ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच माहीत नाही, तो मुलांना विचारायचा म्हणजे जबाबदारी कुणाची? उद्या मुलांनी भलतंच उत्तर काढलं, तर ते चूक आहे हे ठरवायचं कसं?”

“तेच तर शोधायचंय,” बाई म्हणाल्या.

“शोधू दे ना. मुलांना शोधू दे. आपण आधी ठरवू.”

बाईंनी मग ‘गोगलगाय’ लिहिलं, कारण ती चंदेरी रेघ दुसऱ्या कुणाची असेल असं त्यांना वाटत नव्हतं. गोगलगायीवर समितीत पन्नास मिनिटं चर्चा झाली. एका आईचं म्हणणं पडलं की गोगलगाय संथ असते, मुलांसमोर असा आदर्श नको. एका बाबांना ती चिकट वाटली. तिसऱ्यांनी विचारलं की मुलांना द्यायच्या प्रमाणपत्रावर गोगलगाय छापली तर ते भिंतीवर लावायचं कसं. अखेर मतदान झालं आणि सव्वीस विरुद्ध पाच मतांनी पानं सशानं खाल्ली असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण इथे संन्यासी तरी हजर पाहिजे होता. त्या शाळेच्या आसपास कुणी कधी ससा पाहिलेला नव्हता.

“ससा इथे नाहीये हो,” बाई म्हणाल्या.

“म्हणूनच पुरावे चोख पाहिजेत,” डॉक्टर म्हणाले.

पुरावे तीन मंजूर झाले: कुरतडलेली पानं, पंजांचे ठसे आणि अर्धवट खाल्लेलं गाजर. पहिल्या दोन्हींची जबाबदारी बाईंवर आली. “गाजर माझ्याकडे,” डॉक्टर म्हणाले. “दातांचा विषय आहे.” उत्तर एका लिफाफ्यात घालून, लाखेनं बंद करून मोठ्या बाईंच्या कपाटात ठेवण्यात आलं. पुराव्यांची यादी सर्व पालकांना गोपनीय म्हणून पाठवण्यात आली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुलांना सांगू नये.’

मोहिमेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई बागेत गेल्या. जुन्या वेलाची पानं एव्हाना इतकी खाल्ली गेली होती की नवा वेल कुंडीतून आणून लावावा लागला होता. त्याची पानं कापायला त्यांनी वर्गातली कात्री घेतली. पण मुलांच्या सुरक्षेसाठी गेल्या वर्षीच शाळेतल्या सगळ्या कात्र्या बोथट करून घेतल्या होत्या. त्या पानं कापत नव्हत्या, नुसत्या दुमडत होत्या. साऱ्या शाळेत धार राहिलेली एकच कात्री होती, ती हस्तकलेच्या कपाटातली नागमोडी कडा पाडणारी. बाईंनी ती आणली आणि सात पानं कातरली. मग अर्धा बटाटा घेऊन त्यावर पंजा कोरला आणि ओल्या मातीत ठसे उमटवत फाटकापर्यंत नेले. कमरेत उसण भरली. मनाला बरं वाटत नव्हतं, पण एका तासासाठी माणूस काय काय करत नाही, असं स्वतःला सांगून त्या हातपाय धुवायला गेल्या.

त्या परतल्या तेव्हा माळीकाका झारी घेऊन विचारात उभे होते.

“बाई, मी तीस वर्षं बाग करतोय,” ते म्हणाले. “पण गाजर असं वरच्या अंगाला उगवलेलं पाहिलं नाही.”

“एकच आहे, काका. डॉक्टरांनी ठेवलंय.”

“एक डॉक्टरांनी ठेवलं. मग एक ताई आल्या, म्हणाल्या आमचा मुलगा बुटका आहे, त्याच्या उंचीला एक ठेवते. मग एकजण आले, त्यांनी त्या दोन्हींच्या मधे ठेवलं. आतापर्यंत सतरा झालीत. सगळी चावलेली. मी उचलू का?”

“नको,” बाई घाईनं म्हणाल्या. “उचललं तर तक्रार येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोहीम सुरू झाली. पालक दोरीच्या पलीकडे उभे होते, मुलं दोरीच्या अलीकडे, प्रत्येकाच्या हातात रिकामं भिंग. मोठ्या बाईंनी छोटंसं भाषण करायचं ठरवलं होतं. त्यांनी “बालमित्रांनो, आज आपल्याला शोधायचं आहे की” एवढं म्हटलं आणि पहिल्या रांगेतला मुलगा म्हणाला, “ससा.”

“ससा,” त्याच्या शेजारची म्हणाली.

“ससा, ससा, ससा,” करत उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. एका मुलानं तर जोडून सांगितलं, “मागच्या कुंपणाकडून आलेला, वजन अंदाजे दोन किलो.” त्याचे वडील दोरीपलीकडे नम्रपणे खाली बघत उभे होते. मोठ्या बाईंनी लिफाफा फोडला. उत्तर बरोबर होतं. एकतीस पैकी एकतीस. टाळ्या झाल्या, छायाचित्र झालं, आणि घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

अर्जाच्या नवव्या पानावर मोहिमेचा कालावधी ‘साठ मिनिटे, कमी करता येणार नाही’ असा मंजूर होता. छप्पन्न मिनिटं उरली. मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलांना मात्र उत्तर देऊन झाल्यामुळे आता काही काम नव्हतं, म्हणून ती शोधायला लागली.

का सरळ वेलापाशी गेली, बसली, आणि एक पान हातात घेऊन उठली.

“बाई, हे नागमोडी आहे.”

“असू दे, बाळा.”

“गुरुवारी आपण कागदाची फुलं करतो ना, त्याची पण कड अशीच असते.”

तिच्याभोवती सहा-सात मुलं गोळा झाली. एकानं पान रिकाम्या भिंगातून पाहिलं आणि ते तसंच आहे अशी खात्री दिली. तिकडे फाटकापाशी बुटका मुलगा ओरडून सांगत होता की या सशाला एकच पाय आहे, सगळे पंजे सारखेच आहेत, आणि तो लंगडी घालत आलाय. दोरीपलीकडे हशा पिकला. बाईंनी बटाटा कुठे टाकला ते आठवून पाहिलं.

मग गाजरं सापडली. एक, दोन, पाच, सतरा. मुलांनी ती ओळीनं गवतावर मांडली आणि भोवती उकिडवी बसली.

“याला लाली लागलीय,” एक मुलगी म्हणाली. “हे माझ्या आईचं. तिला गाजर आवडत नाही, म्हणून जरासंच चावलंय.”

पालक खो खो हसले. ती आई सोडून सगळे हसले.

“हे माझ्या बाबांचं. ते सालं काढून खातात.”

पुन्हा हशा. यात ती पहिली आईसुद्धा हसली, जरा जास्तच. खाई त्याला खवखवे, पण खवखव लपवायला हसण्यासारखं दुसरं औषध नाही. ज्यांचं गाजर ओळखून झालं होतं ते हसत होते, ज्यांचं यायचं होतं ते त्याहून मोठ्यानं हसत होते. सर्वांत मोठ्यानं डॉक्टर हसत होते, तोंड भरून. म्हणूनच का हिला त्यांचे दात नीट दिसले. तिनं बारावं गाजर उचललं आणि दोरीपाशी आणून त्यांच्या तोंडासमोर धरलं.

“बाबा, तुमचा पुढचा दात तुटका आहे ना, म्हणून इथे उंचवटा राहिलाय.”

डॉक्टरांनी तोंड मिटलं. तो दात गेली दोन वर्षं ते नीट करून घेणार होते, पण दातांच्या चांगल्या डॉक्टरला वेळ मिळत नाही.

“म्हणजे ससे सतरा होते आणि ते सगळे आपल्या घरी राहतात,” का म्हणाली. मग ती मागे वळली. “आणि पानं ज्यानं कापली, त्याच्याकडे हस्तकलेच्या कपाटाची किल्ली आहे.”

किल्ली बाईंच्या गळ्यात होती. एकतीस मुलांनी त्या किल्लीकडे पाहिलं. बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, आणि त्याच वेळी त्यांना या पोरीचा भलताच अभिमान वाटला. त्या गुडघ्यांवर बसल्या.

“हो. मीच कापली.”

“का?”

“उत्तर आधीच ठरलं होतं. ते खरं वाटावं म्हणून.”

का हिनं त्यावर बराच विचार केला. रागावली मात्र नाही. “मग जुन्या वेलाची पानं कुणी खाल्ली?”

“ते मला अजून माहीत नाही गं,” बाई म्हणाल्या.

हे ऐकल्याबरोबर मुलांना एवढा आनंद झाला की दोरी, पालक, प्रमाणपत्रं सगळं तिथेच टाकून ती विटांकडे धावली. उरलेली पस्तीस मिनिटं बागेत फक्त एकतीस पाठी आणि बासष्ट बुटांचे तळवे दिसत होते. तिसरी वीट उचलल्यावर जो काही आरडाओरडा झाला, तो रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. गोगलगायी नऊ होत्या. त्यांतल्या एकीच्या तोंडात अजून घेवडा होता, असं दोघांनी शपथेवर सांगितलं.

समितीची तातडीची बैठक मोठ्या बाईंच्या कार्यालयात बसली. मोहीम अयशस्वी ठरवायची, तर कारण लिहावं लागणार होतं, आणि कारणाच्या चौकटीत सतरा गाजरं बसवावी लागणार होती.

“नियमाप्रमाणे पहिलं उत्तर ग्राह्य,” मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. “पहिलं उत्तर ससा होतं. मोहीम यशस्वी.”

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून सह्या केल्या. पालकांच्या एकतीस सह्या झाल्या. बाईंनीही केली. तास वाचत होता.

पण तास अजून वाचला नव्हता. महिन्याभरानं नगर कार्यालयाचे अधिकारी वाहनतळाच्या परवानगीसाठी जागा पाहायला आले. परवानगीचा अर्ज मोहिमेआधीच गेलेला होता, तो मागे घ्यायचं राहून गेलं होतं आणि मोटारींचा नकाशा अजून भिंतीवरच होता. अधिकाऱ्यांनी अर्ज उघडला आणि चौथा प्रश्न वाचला, “सदर जागेत कोणत्याही वन्य प्राण्याचा वावर आहे काय?”

“छे,” डॉक्टर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी शाळेची फाइल चाळली. “इथे एकतीस पालकांच्या सह्यांनिशी ससा नोंदवलाय. लिफाफा आहे, छायाचित्र आहे. हे खोटं आहे का?”

डॉक्टरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मोठ्या बाईंनी नकाशाकडे पाहिलं. ससा नाही म्हणावं तर मोहीम खोटी, आणि मोहीम खोटी तर गाजरं कुणाची?

“ससा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“किती?”

“एक.”

“एकच? ससे असे एकटे राहत नाहीत, साहेब.”

“दोन,” डॉक्टर बारीक आवाजात म्हणाले.

“मग पुढच्या वर्षीच्या नोंदीत वाढ दाखवावी लागेल,” अधिकारी म्हणाले, आणि परवानगीच्या अर्जावर त्यांनी लाल शाईनं आडवी रेघ मारली. जाताना शाळेच्या खर्चानं फलक लावायला सांगितलं: ‘सशांचा अधिवास. वाहने उभी करू नयेत. शांतता राखा.’

तेव्हापासून बाग बागच आहे. मैदानाचा तास आठवड्यातून एकदाचा दोनदा झाला, कारण संरक्षित जागेची पाहणी आवश्यक असते. मुलं पोटावर झोपतात, विटा उचलतात, गोगलगायींची बारशी करतात आणि ज्यांची उत्तरं बाईंना माहीत नाहीत असे प्रश्न त्यांना आणून देतात. बाई पुन्हा शीळ घालतात. फक्त एक गोष्ट त्यांना खटकते. तपासणीला कुणी आलं आणि विचारलं, “बाळांनो, या बागेत कोण राहतं?” तर एकतीसही मुलं, का हिला धरून, एका सुरात “ससा” म्हणतात आणि पाहुणा वळला की विटांकडे जातात. हे त्यांना कुणी शिकवलं, याचा तपास बाईंनी मुद्दाम केलेला नाही.

शाळेचं नाव आता दूरवर झालं आहे. ससे असलेली शाळा म्हणून प्रवेशासाठी फाटकाबाहेर रांग लागते. सहा पालकांनी ससा प्रत्यक्ष पाहिला आहे, डॉक्टरांनी दोनदा. तुम्हीही एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन याल, आलंच पाहिजे. ते मूल कुंपणाला नाक लावून विचारेल, “कुठेय ससा?” आणि तुम्ही, सगळं वाचून बसलेले तुम्ही, कुठल्यातरी झुडपाकडे बोट दाखवून म्हणाल, “तो काय तिथे, आत्ताच गेला बघ.” मूल तुमच्या बोटाकडे बघेल, झुडपाकडे बघेल, आणि मग जरा वेळ तुमच्या दातांकडे.